दातातलं सूत

कानस मिस्बाला लागली नाही, भिंतीला लागली, एवढंच काय ते नशीब. नऊ वर्षांची पोर दारात उभी राहून "अम्मी, कविता म्हणून दाखवू?" असं विचारत होती, आणि तरन्नुमच्या हातातली वीतभर लांबीची कानस तिच्या कानाजवळून सण्णकन गेली. नंतर तरन्नुम सगळ्यांना "हातातून सुटली" असं सांगत राहिली. सुटली कसली, फेकलीच होती तिनं. स्वतःला फसवायला माणूस निगरगट्ट असावा लागतो, आणि तेवढी ती नव्हती.

मिस्बा रडली नाही. तिनं कानस उचलून फळीवर ठेवली, चपला घातल्या आणि समोर नसीमखालाच्या घरी जाऊन बसली. अम्मीचं डोकं दुखायला लागलं की तिकडे जायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या वर्षापासून ती आपली आपणच शिकली होती.

तरन्नुम मिरजेची. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत तिच्या बापाचं, दस्तगीर अब्बांचं, चार पिढ्यांचं दुकान, आणि दुकानामागच्या खोल्यांतच तिचा संसार. भोपळे तासायचे, लाकूड जोडायचं, नक्षी करायची, ही कामं चुलतभावांची. जवारी मात्र तरन्नुमची. आता जवारी म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तंबोऱ्याच्या तारा एका रुंद घोडीवरून जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला अगदी किंचित उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत, टेकत थरथरते, आणि एका सुरातून दहा बारीक सूर उमलतात. त्या उताराला कानशीनं केसाच्या शंभराव्या हिश्शाइतकं जास्त घासलं तर तार खरखरते, कमी घासलं तर मुकी राहते. मधली जागा सापडली की तंबोरा बोलतो.

पुण्याच्या एका कंपनीनं त्यासाठी यंत्र काढलं होतं. ध्वनीचा आलेख बघायचं, हिऱ्याच्या टोकानं घोडी घासायचं, अकरा मिनिटांत जवारी तयार. ही दोन हजार त्रेचाळीस सालची गोष्ट. तोवर निम्म्या गल्लीनं ते यंत्र घेतलं होतं. वाईट नव्हतं हो ते. पण सगळे तंबोरे एकाच गळ्याचे निघायचे. गाणाऱ्याचा आवाज ऐकून त्याच्या गळ्याला जुळेल अशी जवारी यंत्राला यायची नाही, म्हणून चांगले गवई अजून दस्तगीर अब्बांच्या दुकानाची पायरी चढायचे आणि म्हणायचे, "तुमच्या लेकीला बोलवा."

आणि या लेकीचा जबडा दुखायचा. सकाळी कामाला बसली की दुपारपर्यंत कानापुढं ठणका लागे, संध्याकाळी तो कानशिलावर चढे, आणि मग डोळ्यांना उजेड सोसवत नसे, भांड्याचा आवाज सोसवत नसे, पोरीची कविता सोसवत नसे. तिचा नवरा अल्ताफ मिरज जंक्शनच्या सिग्नल कक्षात कामाला होता. तिथंही आता सगळं यंत्रंच करायची आणि हा आपला पडद्यांवर लक्ष ठेवायचा. स्वभावानं गरीब. पण कानशीच्या दिवशी तो घरी आला, भिंतीचा उडालेला पोपडा बघितला आणि म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे. नाही म्हणालीस तर मी मिस्बाला घेऊन आईकडे जातो." (घरात ही माणसं दखनीत बोलत, आपण मराठीत ऐकू.)

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. जबड्याच्या विकारांच्या डॉक्टर चौगुले पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी तरन्नुमच्या गालांवर बोटं ठेवून दात आवळायला लावले आणि म्हणाल्या, "अहो, हे स्नायू आहेत की दगड? पैलवानाच्या दंडाला असे नसतात!"

मग त्यांनी नव्या सुईची गोष्ट समजावून सांगितली. मेंदूला एखादा स्नायू आवळायचा असला की मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन बाहेर पडतं आणि स्नायूला हुकूम पोचतो. डबाबंद अन्न नासलं की त्यात एक जंतू वाढतो. त्याचं विष नेमकं हे रसायन अडवतं. जास्त झालं तर माणूस मरतो, पण थेंबाच्या लाखाव्या भागाइतकं दिलं तर तेवढाच स्नायू सैल पडतो. या सुया गेली कित्येक वर्षं देत होते, पण मज्जातंतूला नवे कोंब फुटायचे आणि तीन-चार महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. नव्या औषधाचा रेणू बदललेला होता. ते एकाच ठिकाणी टोचायचं. तिथून ते चावण्याच्या मज्जातंतूच्या सगळ्या फांद्यांत पसरे आणि सहा वर्षं टिके. लोक त्याला 'निवांत सुई' म्हणत.

"आणि नाही मानवलं तर?"

"उतारा आहे. पण साठ दिवसांच्या आत. पुढं औषध मज्जातंतूत घर करतं, मग सहा वर्षं कुणाचं ऐकत नाही."

एक फॉर्म भरायचा होता. त्यात चौदावा प्रश्न होता: 'कामात दातांचा किंवा जबड्याचा वापर करता का? उदाहरणार्थ धागा तोडणे, खिळे धरणे, वाद्य फुंकणे.' तरन्नुमनं 'नाही' लिहिलं. खोटं लिहायचं म्हणून नव्हे हो! तिच्या मनातही आलं नाही.

दस्तगीर अब्बांच्या घराण्यात एक रीत होती. जवारीला बसायचं तर सुती दोऱ्याचं एक टोक तंबोऱ्याच्या खुंटीला बांधायचं आणि दुसरं दाढेखाली घट्ट धरायचं. का? तर जवारी करताना बोलायचं नाही म्हणून. पणजोबा फार बडबडे होते, त्यांच्या उस्तादांनी ही शिक्षा लावली, असं सांगत. पुढं शिक्षेचा अदब झाला. कानस हातात, सूत दातात. सातव्या वर्षापासून तरन्नुमनं दुसरं काही पाहिलं नव्हतं. नमाजाला डोकं झाकतो, ते काही कुणी डोक्याचं काम म्हणून फॉर्मवर लिहीत नाही. तसंच हे.

सुई टोचली. पाचव्या दिवशी ठणका गेला.

अहाहा, काय दिवस होते ते! तरन्नुम सकाळी उठायची आणि डोक्यात काहीच नसायचं. कानशिलं हलकी. मटणाचा तुकडा चावताना दमायला व्हायचं, अल्ताफ चिडवायचा, "म्हातारीला खिमा करून घाला रे!" आणि ती खो खो हसायची. मिस्बा पहिले आठ-दहा दिवस लांबूनच बघत होती. मग एकदा भीत भीत जवळ आली आणि कविता म्हणाली. मग दुसरी म्हणाली. मग वर्गातल्या प्रणोतीनं बाईंच्या पर्समध्ये बेडूक कसा ठेवला ते साग्रसंगीत सांगितलं, स्वतः बेडूक होऊन दाखवला, आणि मायलेकी फरशीवर लोळून हसल्या. शाळेतून आली की पोर आता सरळ दुकानातच यायची. नसीमखाला एकदा अल्ताफला म्हणाली, "तुमची पोरगी माझ्यावर रुसली का? यायचीच बंद झाली."

या सगळ्यात तरन्नुम रोज जवारी करत होती. सूत दातात धरत होती, नेहमीसारखंच. आवळता येत नव्हतं तेवढं, पण सूत तोंडात होतं. अदब पाळला जात होता.

सत्तेचाळिसाव्या दिवशी मालविकाताई सबनीस दुकानात आल्या. सांगलीच्या मोठ्या गायिका, पंचवीस वर्षांचं घरोब्याचं गिऱ्हाईक. सोबत महिन्यापूर्वी नेलेला तंबोरा. बसल्या, चहा घेतला, मिस्बाच्या गालाला हात लावला, सगळं केलं. मग अवघडून म्हणाल्या, "तरन्नुम, राग मानू नकोस गं. सुरात आहे, पण झोपलाय. माझ्या मागे उभा राहत नाही."

तरन्नुमनं तार छेडली. तिला छान वाटला. पुन्हा छेडली. छानच की! तिनं अब्बांकडे पाहिलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे दस्तगीर अब्बा कोपऱ्यातल्या गादीवर बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

"अब्बा, बोला की."

"काय बोलू? दीड महिन्यात केलेस ते सगळे असेच आहेत. मला वाटलं, माझेच कान गेले."

तीन दिवस तरन्नुम त्याच तंबोऱ्यावर बसली. घोडी घासली, नवी घातली, पुन्हा घासली. पूर्वी एका क्षणी खर्जाचा घुमारा मागे सरायचा आणि वरचे बारीक सूर सुटे सुटे ऐकू यायचे. मग कानस कुठं लावायची ते हाताला सांगावं लागायचं नाही. आता सगळा मिळून एक गोड गोंगाट ऐकू येत होता. ऐकायला कमी येत होतं असं नाही. त्यातलं वेगळं काढता येत नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं डॉक्टर चौगुलेंना फोन केला आणि फोनवरच रडली.

डॉक्टरांनी कान तपासून घेतले. यंत्रावर काही दोष नाही. मग बाईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली, म्हणाल्या, "तुम्ही काम कसं करता, ते मला बघायचंय." आणि चौपन्नाव्या दिवशी दवाखाना आटोपून स्वतः दुकानात आल्या. तरन्नुमनं तंबोरा मांडीवर आडवा घेतला, खुंटीला सूत बांधलं, टोक दाढेखाली धरलं.

"थांबा, थांबा! हे काय?"

"ही रीत आहे आमची. बोलायचं नसतं ना."

"रीत?" डॉक्टर उभ्याच राहिल्या. "अहो, फॉर्मवर का नाही लिहिलंत हे?"

"त्यात काय लिहायचं? हे काही काम नव्हे, मॅडम. अदब आहे."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग गादीच्या कडेला टेकल्या आणि बराच वेळ बोलल्या. कानाच्या पडद्यामागं दोन सेंटिमीटरचा एक स्नायू असतो. आईच्या पोटात बाळ घडत असताना चावण्याचे स्नायू आणि हा स्नायू एकाच गोळ्यातून होतात, आणि त्यांचा मज्जातंतूही एकच. तो आवळला की कानाचा पडदा ताणला जातो. ताणलेल्या पडद्यावर खर्जाचे आवाज दबतात आणि वरचे बारीक सूर मोकळे होतात. साध्या माणसात हा स्नायू आळशी असतो. पण सातव्या वर्षापासून कुणी रोज सहा-सहा तास दाढ आवळून, दोऱ्यातून येणारी थरथर हाडात घेत बारीक सूर शोधत बसलं, तर?

"तुमचा तो स्नायू पैलवान झाला, तरन्नुम. जबड्याबरोबर. आणि मी दोघांनाही झोपवलं." त्यांचा आवाज खाली आला. "औषधाच्या पत्रकात लिहिलंय, ऐकण्यात किरकोळ फरक पडू शकतो, सामान्य माणसाला जाणवत नाही. मी ते वाचून सोडून दिलं. माझं चुकलं."

कोपऱ्यातून अब्बांचा आवाज आला. "साठाव्या वर्षी माझे दात काढले. त्याच साली माझी जवारी गेली. मी समजत होतो, म्हातारा झालो." ते हसायला गेले, पण जमलं नाही.

"फक्त कानातला स्नायू जागा करता येईल का, मॅडम?"

"नाही. उतारा घेतला तर सगळं परत येईल. कान, जबडा, डोकेदुखी, सगळं. सहा दिवस आहेत तुमच्याकडे."

त्या सहा दिवसांत घरात कुणी धड जेवलं नाही. अल्ताफनं विषय काढू दिला नाही, आणि मग स्वतःच काढला. "यंत्र घेऊ. सगळी गल्ली घेते. नाहीतर नक्षी कर, तुझा हात चांगला आहे. हसती बायको मिळायला मला अकरा वर्षं लागली, तरन्नुम. मी ती परत देणार नाही."

"आणि मी काय करू? सहा वर्षं बहिरी बसू?"

"बहिरी कुठं आहेस? माझं ऐकतेस, पोरीचं ऐकतेस. आणखी काय ऐकायचंय?"

त्याला सांगून कळलं नसतं. त्याचा काय दोष? तिला तरी दोन महिन्यांपूर्वी कुठं ठाऊक होतं की आपण ऐकतो ते इतरांना ऐकूच येत नाही!

ती अब्बांकडे गेली. अब्बा तसबीहचे मणी फिरवत बसले होते. तिनं विचारलं, "तुम्ही काय म्हणता?"

"मला विचारू नकोस."

"तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?"

"मला विचारशील तर मी उस्ताद म्हणून बोलीन, आणि बाप म्हणून मग तोंड दाखवता येणार नाही." मग ते म्हणाले, "तुझ्या अम्मीला माझ्या रागाची इतकी सवय झाली होती की मी चांगला वागलो तर ती घाबरायची. एवढं लक्षात ठेव. बाकी तुझं तू बघ."

उरली मिस्बा. अठ्ठावन्नाव्या दिवशी शाळेतून येताना तरन्नुमनं तिला रसवंतीवर नेलं. समोरासमोर बसून सगळं सांगितलं; कानातला छोटा स्नायू, सुई, उतारा, अगदी काही न लपवता. पोर हुशार. पेला खाली ठेवून लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे उतारा घेतला तर तुझं डोकं परत दुखणार?"

"हो."

"आणि नाही घेतला तर तंबोरा नाही येणार?"

"हो."

मिस्बानं फार विचार केला नाही. "मग नको घेऊस ना, अम्मी. तू आत्ता आहेस तशीच राहा."

तरन्नुमनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "बरं," ती म्हणाली.

म्हणताना ती मनापासून म्हणाली होती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पुढचा दिवसही तिनं मनापासूनच काढला. साठाव्या दिवशी सकाळी मिस्बा शाळेत गेली, अल्ताफ कामावर गेला. गल्लीत कुणीतरी तंबोरा छेडून बघत होतं. तरन्नुम भांडी घासता घासता थांबली. कुणाचा तंबोरा, जवारी कशी, उतार कुठं कमी पडतोय, पूर्वी तिला चुलीपाशी बसून कळायचं. आता कुठंतरी काहीतरी वाजतंय, एवढंच कळत होतं. तिला एकदम इतकं एकटं वाटलं, की तेवढं आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तिनं हात पुसले, ओढणी घेतली आणि रिक्षा केली.

तिला कुणी भरीला पाडलं नाही. गवयांसाठी, अब्बांसाठी, घराण्याच्या नावासाठी, असलं काही रिक्षात तिच्या मनात नव्हतं. तिला ते हवं होतं. स्वतःला हवं होतं, आणि इतकं हवं होतं की पोरीला दिलेला शब्द त्यापुढं लहान वाटला. डॉक्टर चौगुलेंनी दोनदा विचारलं, "घरी बोललात?" ती दोनदा "हो" म्हणाली. तेही खरंच होतं.

उतारा हळूहळू चढत गेला. अल्ताफला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो चार दिवस जेवताना टीव्हीकडे तोंड करून बसला. मिस्बाला सांगायचं तिनं उद्यावर ढकललं, मग परवावर. उतारा घेतल्याच्या बाविसाव्या दिवशी दुपारी मालविकाताईंच्या तंबोऱ्यावर बसलेली असताना, सूत दाढेखाली आवळलेलं असताना, खर्ज मागे सरला. आणि ते सगळे बारीक सूर एकेक करून समोर येऊन उभे राहिले, गांधार तर असा लखलखीत, की तरन्नुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. कानस तिनं तीनदा फिरवली, फक्त तीनदा. कोपऱ्यात अब्बा ताठ बसले. "या अल्लाह," ते पुटपुटले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ती सुखात होती. खोटं कशाला सांगा, आयुष्यात इतकी सुखात ती क्वचितच होती. चार वाजेपर्यंत तिनं दुसरी घोडी लावली, तिसरी लावली. कानापुढं ठणका सुरू झालेला तिला कळला, पण हात थांबेना.

पावणेपाचला मिस्बा दप्तर खांद्याला लावून दुकानात शिरली, पहिल्याच वाक्याला हसू घेऊन. "अम्मी, आज काय झालं माहितेय, प्रणोतीनं..."

तरन्नुमनं डोळे घट्ट मिटले. तिनं काही फेकलं नाही. कानस खाली ठेवली, तोंडातलं सूत काढलं आणि अगदी हळू म्हणाली, "मिस्बा, थोडं थांब. डोकं दुखतंय."

मिस्बा बोलायची थांबली. तिनं आईच्या गालाकडे पाहिलं, तिथं दाढेजवळ आलेल्या उंचवट्याकडे. मग तंबोऱ्याकडे पाहिलं. पोर हुशार, म्हटलं ना.

"घेतलास उतारा?"

"हो."

"कधी?"

"बावीस दिवस झाले."

मिस्बा रागावली नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, "मग मला विचारलंस कशाला?"

अब्बांनी मान वळवली. तरन्नुमला सांगण्यासारखी पुष्कळ कारणं सुचली. शहाणी, मोठ्या माणसांची कारणं. त्यातलं एकही तिला पोरीच्या तोंडावर म्हणवेना.

"तू घे म्हणशील, असं वाटलं होतं," ती म्हणाली.

मिस्बानं मान हलवली. खांद्यावरून घसरलेलं दप्तर नीट केलं, आणि रस्ता ओलांडून नसीमखालाच्या पायऱ्या चढली.